उन्हाळी भाजीपाला संच: पिशव्या उत्तम, बियाणे मात्र नागपूरच्या कामाचे नाही

गच्चीवर भाज्या लावणाऱ्यांसाठी नागपुरातील एका रोपवाटिकेने फेब्रुवारीत ‘उन्हाळी भाजीपाला संच’ विक्रीला ठेवला होता. त्यात जाड विणीच्या हिरव्या पिशव्या, कोकोपीटची (नारळाच्या सोडणाच्या भुशाची) 5 किलोची वीट, गांडूळखत, निंबोळी पेंड, सावलीची जाळी आणि बियाण्यांची पाकिटे मिळतात.

पिशव्यांविषयी तक्रारीला जागा नाही. तळाची शिवण दुहेरी आहे. ओल्या मातीने भरलेली पिशवी दोघांनी कान धरून उचलली तरी ती उसवत नाही. पाण्याची भोके तळाशी न ठेवता बाजूला, बोटभर उंचीवर ठेवल्यामुळे ती स्लॅबला टेकून बुजत नाहीत. आपली काळी माती नुसतीच भरली, तर ओली असताना तिचा चिकट गोळा होतो आणि वाळल्यावर ती आक्रसून कडेपासून सुटते, त्यामुळे दिलेले पाणी मुळांपर्यंत न पोचता कडेनेच निघून जाते. संचातील कोकोपीट आणि गांडूळखत मिसळल्यावर हा त्रास बराच कमी झाला. मात्र कोकोपीट वरून कोरडे दिसत असतानाही आत ओल धरून असते, म्हणून बोट दोन पेरे आत घालून पाहिल्याशिवाय पाणी देऊ नये, एवढी सूचना माहितीपत्रकात असायला हवी होती.

बियाण्यांची निवड करताना विदर्भाचा उन्हाळा विचारात घेतलेला दिसत नाही. भेंडी, गवार आणि काकडी योग्यच आहेत. पण सोबत कोबी आणि टोमॅटो कशासाठी? कोबीचा गड्डा थंडीत भरतो. टोमॅटोचे बी फेब्रुवारीत टाकले, तर रोप फुलावर येईपर्यंत एप्रिल उजाडतो आणि पारा 40 अंशांपुढे गेला की फुले गळून जातात. सांभार (कोथिंबीर) नाही हे एक वेळ समजू शकते, कारण तो उन्हात लवकर फुलावर येतो. परंतु ढेमसे, चवळी आणि दोडका यांचे एकही पाकीट नसावे, याचे नवल वाटते.

शिवाय पाकिटांवर भाजीचे नाव आणि चित्र यांपलीकडे काही नाही. प्रमाणित भेंडीची उगवण किमान 65 टक्के असावी लागते आणि असे बियाणे चाचणीच्या तारखेपासून 9 महिने वैध धरले जाते. येथे ना टक्केवारी आहे, ना तारीख, ना लॉट क्रमांक. रात्रभर भिजवून लावलेली ही भेंडी जेमतेम निम्मी उगवली. त्याच मिश्रणात शेजारी लावलेली, लेबल पाहून बाजारातून आणलेली ‘परभणी क्रांती’ जवळपास सगळी उगवली. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हा वाण पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूरोगाला प्रतिकारक म्हणून विकसित झालेला आहे.

जाळी 50 टक्के सावलीची असून तिची वीण घट्ट आहे. ती पेरणीबरोबरच बांधावी असे पत्रक सांगते, ते मानू नये. फेब्रुवारीत भेंडीला आणि वेलींना पूर्ण ऊन लागते. जाळीखाली रोपे लांबट आणि लुळी होतात. होळीनंतर ऊन चटकू लागले की जाळी बांधावी आणि नवतपा (मेअखेरीस सुरू होणारे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपेपर्यंत राहू द्यावी; मार्चमध्ये अवकाळी गारा पडल्याच, तर तेवढाच आडोसा होतो.

बियाणे वगळून संच देण्यास रोपवाटिकेने नकार दिला. पिशव्या, कोकोपीट, पेंड आणि जाळी तिथेच सुटी मिळतात, आणि तशी घेतल्यास एकूण खर्च संचापेक्षा कमी येतो.