लाकडी पेटीतला सिलिकॉन साचा: १२०० मिली, दहा वड्या

साबण ओतायचा सिलिकॉनचा लांबट साचा आणि त्याला धरून ठेवणारी लाकडी पेटी. आतलं माप २५ × ८ × ६ सेंमी, म्हणजे १२०० मिली. अडीच सेंमीची वडी कापली तर एका लादीत दहा. गिऱ्हाईक हात आखडतं घेत असताना छोट्या साबणवाल्याने हा घ्यावा का? घ्यावा, पण सिलिकॉनसाठी नव्हे, पेटीसाठी.

नुसता सिलिकॉन साचा भरला की मधोमध त्याचं पोट सुटतं. ८ सेंमीची रुंदी तिथे ८.४ झाली तर मधल्या वड्यांत पाच टक्के साबण जास्त जातो, कडेच्या मात्र सडपातळ राहतात. लेबलवर १०० ग्रॅम छापायचं तर सगळ्यात हलकी वडीही तेवढी भरायला हवी. बाकीच्यांतला जादा माल फुकट जातो. पेटीने हे बरंचसं थांबतं, पूर्ण नाही. साचा आणि फळी यांच्यात दोन-तीन मिमी फट राहिली तर तेवढा फुगवटा येतोच. ओतण्याआधी फटीत पुठ्ठ्याच्या पट्ट्या सरकवाव्यात. (पेटी घट्ट बसवणं खरं तर बनवणाऱ्याचं काम.)

या मापात बसणारी बॅच अशी: ऑलिव्ह ४००, खोबरेल २४०, पाम १२०, एरंडेल ४०, एकूण ८०० ग्रॅम तेल. पाच टक्के सुपरफॅट (साबण न बनता मुद्दाम शिल्लक ठेवलेलं तेल) धरून कॉस्टिक सोडा ११४ ग्रॅम, पाणी २२८, सुगंध २४. सगळं मिळून ११६६. ओली वडी ११५ ग्रॅमच्या आसपास, चार ते सहा आठवडे वाळल्यावर शंभराच्या किंचित वर. भांडं रबरी उलथन्याने निपटलं नाही तर हा हिशेब बिघडतो आणि सगळ्याच वड्या बुटक्या होतात.

खरी कटकट लादी काढताना. सिलिकॉनच्या बाजूंनी पाणी सुटत नाही, हवा लागते ती फक्त वरून. बटर पेपर लावलेल्या लाकडी साच्यातून २४ तासांत निघणारी लादी इथे ४८ तास घेते. ऑलिव्ह वाढवलं तर आणखी एक दिवस. घाई केली की खालचे कोपरे तुटून साच्यातच राहतात आणि दहाही वड्या कानतुट्या. लाय (पाण्यात विरघळवलेला कॉस्टिक सोडा) निवल्यावर तिच्यात ८ ते १६ ग्रॅम सोडियम लॅक्टेट घातलं तर लादी लवकर कडक होते. काढताना आधी चारही बाजू हलके ओढून हवा आत शिरू द्यायची, मग साचा उपडा करून तळ दाबायचा.

पेटी ऊब धरून ठेवते. वरून टॉवेल गुंडाळला, किंवा बॅचमध्ये दूध-मध असला, तर साबण जास्त तापतो आणि साच्याला टेकलेल्या अंगावर देवीच्या वणांसारखे बारीक खड्डे पडतात. वापरायला काही बिघडत नाही, पण अशी वडी पूर्ण किमतीला कोण घेणार? मिश्रण ३५ अंशांच्या आसपास असताना ओतावं, टॉवेल नको.

साचा ४८ तास अडकतो, म्हणजे आठवड्याला तीन लाद्या, तीस वड्या. विक्री वाढली तर पाच किलोचा मोठा साचा घेण्यापेक्षा असाच दुसरा घ्यावा. आज घेतलेल्या तेलाचे पैसे वडी वाळेपर्यंत फळीवरच पडून असतात. त्यात एखाद्या सुगंधाने मिश्रण भांड्यातच थिजलं तर दहा वड्या जाणं परवडतं, पन्नास नाही.

हात अगदीच तंग असेल तर लाकडी पेटी आणि बटर पेपर एवढ्यावरही भागतं. कागदाच्या घड्यांचे वळ तेवढे वडीवर उठतात. दुधाचं रिकामं खोकं वापरणार असाल तर आत चंदेरी थर नाही ना ते बघा. तो ॲल्युमिनियमचा असतो, ओरखडा पडून लाय तिथवर पोचली की फसफसते.

लवंग, गवती चहा असले उग्र वास सिलिकॉन सोडत नाही. बिनवासाच्या साबणाला साचा वेगळाच ठेवावा.