पल्सर 220 ला टेपर कोन सेट: घालावा का?

जुन्या पल्सर 220 चं हँडल मधोमध 'खट्ट' करून अडतं? पुढचा ब्रेक दाबला की ठक आवाज येतो? मग छऱ्यांच्या कोन सेटला, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगला, खड्डे पडलेत. नुसता आवळून उपयोग नाही. टेपर, म्हणजे निमुळत्या रोलरचा सेट इथे कामी येतो. छरा एका टिंबावर टेकतो, रोलर पूर्ण रेषेवर, त्यामुळे धक्का वाटला जातो. आपल्याकडच्या गिट्टी उघड्या पडलेल्या रस्त्यांवर फरक लगेच कळतो, परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात तर जास्तच.

माल चांगला, बिघडतो तो बसवताना. जुन्या वाट्या (बेअरिंगच्या कड्या) ठोकून काढल्यावर बसायची जागा रॉकेलनं पुसा. काळ्या मातीचा एक कण राहिला तरी नवी वाटी तिरपी बसते. रोलरमध्ये ग्रीस बोटानं दाबून भरा, वरून चोपडलेलं चालत नाही. नट आवळा, हँडल दोन्ही टोकांना पाच-सहा वेळा फिरवा, मग नट पाव फेरा सैल करा. पुढचं चाक उचललं की हँडल आपल्या वजनानं बाजूला पडलं पाहिजे. मिस्तरी नेहमी जास्त आवळतात, अन् मग गाडी हळू वेगात डुलते.

500 किमीनंतर पुन्हा तपासा, रोलर जागा धरतात.

त्याच वेळी फोर्कचं (पुढच्या शॉकअपचं) ऑइलही बदलून टाका, दोन्ही पायांत मोजून सारखंच. शॉकअप गळत असतील तर मात्र आधी सील, कोन सेट नंतर.