डोंगरी एडक्यासाठी रायफल: .२७०, ६.५ क्रीडमोर की मॅग्नम?

कॅल्गरीहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी सोलापूरहून सांगोल्याला आलो होतो. रानात मेंढरं बसवली होती. "मामा, बंदुकीचा परवाना हातात आला. आता रायफल कुठल्या कॅलिबरची घेऊ? दुकानदार .३०० मॅग्नम दाखवतोय, रेंजवरची पोरं ६.५ क्रीडमोर म्हणतात आणि ज्यांच्याबरोबर डोंगरात जाणार आहे ते गृहस्थ .२७० सोडून दुसरं नावच घेत नाहीत." (कॅलिबर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप; हे आकडे आणि नावं काडतुसांची. मॅग्नम म्हणजे जास्त दारूचं, जोरदार काडतूस, आणि रेंज म्हणजे नेमबाजीच्या सरावाचं मैदान.) फोनवर मी त्याला दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं, पण ते मलाच पटलं नाही. परवाना काढून डोंगरात जाणारी आपली आणखीही पोरं आता तिकडं आहेत. म्हणून सगळं नीट मांडतो.

आधी कायद्याचं. हे सगळं कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताचं आहे, तिथल्या परवान्यावर आणि तिथल्या हंगामातलं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे. नान्नजच्या माळावरचं काळवीट असो की लडाखच्या उतारावरचा भरल, त्यांच्याकडे दुर्बिणीतूनच बघायचं. मला ते मनापासून योग्य वाटतं. अल्बर्टात बिगहॉर्न जातीच्या रानमेंढीची शिकार सरकार मोजून-मापून करू देतं. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत हंगाम, शिंगाचं वळण ठरलेल्या मापाचं झालेला नरच मारायचा आणि नंतर शिंगं नेऊन नोंद करायची.

आता जनावर बघू. आपला दख्खनी एडका चाळीसेक किलोचा, जतकडचा माडग्याळ पन्नास-साठचा. बिगहॉर्नचा पुरा वाढलेला नर शंभर किलो सहज ओलांडतो आणि डोक्यावरची शिंगंच चौदा किलोपर्यंत भरू शकतात. आकडे ऐकून माणूस मोठ्या काडतुसाकडे वळतो. पण मेंढराच्या घरात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते: मेंढरू रानडुकरासारखं चिवट नसतं. पुढच्या पायाच्या लगत मागं, छातीच्या खालच्या भागात, भाकरीएवढी जागा असते. तिथं फुफ्फुस आणि हृदय. त्या भाकरीत गोळी बसली की बिगहॉर्नसुद्धा थोड्या पावलांत बसतो. अडचण त्या थोड्या पावलांचीच आहे, कारण हे जनावर कड्याच्या धारेवर राहतं. चार पावलं चुकीच्या बाजूला गेली तर ते दोनशे फूट खाली जातं, शिंगं फुटतात, मांस दगडांत चेचतं आणि तुम्हाला तिथवर उतरताही येत नाही. म्हणजे निवड करताना प्रश्न गोळीच्या ताकदीचा कमी आणि गोळी त्या भाकरीतच जाण्याचा जास्त आहे.

मॅग्नमपासून सुरुवात करतो, कारण माझी चूक तिथंच झाली. .३०० विंचेस्टर मॅग्नम हे १९६३ सालचं काडतूस. ११.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास सोडतं. ७.८ मिलिमीटर व्यास, लांबवर टिकणारी ताकद. अस्वल, मूस आणि एल्कसारखी तिकडची मोठाली हरणं, सगळ्यांना पुरून उरतं. मी कॅल्गरीत नोकरीला होतो तेव्हा हेच घेतलं. डोंगर चढायचा म्हणून रायफल सगळ्यात हलकी घेतली, दुर्बिणीसकट तीन किलोच्या आत. दोन्ही निर्णय वेगवेगळे पाहिले तर शहाणपणाचेच होते. एकत्र आले तेव्हा माझा खांदा त्यांना पुरला नाही.

याचा हिशेब साधा आहे. ३.६ किलोच्या रायफलीत .३०० मॅग्नमचा धक्का साधारण ३५ जूल (जूल म्हणजे ऊर्जेचं माप) बसतो. तेच काडतूस २.७ किलोच्या रायफलीत घातलं की धक्का एक तृतीयांशानं वाढतो, म्हणजे ४७ च्या घरात. दुकानात रायफल उचलून बघताना हलकेपणा कळतो, धक्का कळत नाही. रेंजवर माझ्या गोळ्या खाली आणि डावीकडे जायला लागल्या. मी दुर्बिणीला दोष देत होतो. बरोबरच्या एका अनुभवी शिकाऱ्यानं मला न सांगता नळीत रिकामं काडतूस सरकवलं आणि म्हणाला, मार. चाप ओढला, आवाज झालाच नाही, आणि रायफलीचं तोंड चांगलं चार बोटं खाली गेलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. डोळे मिटले होते तेही तेव्हाच कळलं. धक्का बसायच्या आधीच माझं अंग आखडत होतं. त्या हंगामात एक नर २६० वारांवर उभा मिळाला होता आणि माझी गोळी त्याच्या पोटाखालच्या दगडावर गेली. तो धड निघून गेला याचं मला आजही समाधान आहे, कारण चार बोटं वर गेली असती तर पोट फुटून तो दिवसभर तडफडला असता.

(वार म्हणजे तिकडचा यार्ड. सोलापूरच्या माणसाला कापडामुळे हे माप वेगळं सांगायला नको.)

७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम, १९६२ सालचं, हे त्यातल्या त्यात सुसह्य. १०.४ ग्रॅमची गोळी, वेग तेवढाच, धक्का ३.६ किलोच्या रायफलीत २८ जूलच्या आसपास. कोणी ताजिकिस्तानात पामीरच्या पठारावर मार्को पोलो मेंढ्यासाठी जाणार असेल, जिथं उंची चार हजार मीटरच्या पुढं आणि आडोसा जवळजवळ नाहीच, तर मी हेच सुचवीन, तेही थोड्या वजनदार रायफलीत. अल्बर्टाच्या डोंगरात आडोसा मिळतो, रांगत जवळ जाता येतं. तिथं याची गरज पडत नाही. नळीच्या तोंडाला ब्रेक, म्हणजे वायू बाजूला सोडणारं भोकांचं टोपण, लावून धक्का कमी करता येतो हे खरं, पण आवाज इतका वाढतो की शेजारी पडलेल्या माणसाचे कान जातात. डोंगरात घाईच्या क्षणी कानात बोळे घालायचं भान राहत नाही.

आता खरी लढत: .२७० विंचेस्टर विरुद्ध ६.५ क्रीडमोर.

.२७० हे १९२५ सालचं, म्हणजे शंभरी गाठलेलं काडतूस, आणि अमेरिकेत त्याची कीर्ती झाली ती डोंगरी मेंढ्यांवरच. ८.४ ग्रॅमची गोळी, सेकंदाला ९३० मीटर. गोळी सपाट जाते हा त्याचा मोठा गुण. २०० वारांवर नेम बसवला तर ३०० वर ती १७ सेंटीमीटर खाली येते, ४०० वर सुमारे ५०. म्हणजे तीनशेवर फार हिशेब न करता पाठीच्या रेषेच्या जरा खाली नेम धरला तरी गोळी भाकरीतच जाते. दम लागलेला असताना, बोटं गारठलेली असताना, हा फायदा कागदावर दिसतो त्यापेक्षा मोठा असतो.

क्रीडमोर २००७ सालचं. ९.३ ग्रॅमची लांबट, निमुळती गोळी, वेग ८२० मीटर. संथ आहे, त्यामुळं जास्त खाली येते: ३०० वारांवर २० सेंटीमीटर, ४०० वर ५७ च्या आसपास. पण खाली येणं मोजता येतं. अंतरमापक यंत्र आकडा देतं, दुर्बिणीवरची चकती फिरवली की झालं. वारा मात्र कोणतंच यंत्र तुमच्या आणि मेंढ्याच्या मधल्या दरीत जाऊन मोजत नाही. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ४०० वारांवर .२७० च्या नेहमीच्या गोळीला ३२ सेंटीमीटरच्या आसपास ढकलतो, क्रीडमोरच्या गोळीला २५ च्या आसपास. भाकरीचा व्यास वीस सेंटीमीटर धरला तर हा सात सेंटीमीटरचा फरक किरकोळ नाही. मग .२७० मध्येच लांबट गोळी का घालू नये? कारण तिच्या जुन्या नळ्यांतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या आट्यांचा पीळ सैल असतो, दहा इंचांत एक वेढा. त्यात इतकी लांब गोळी स्थिर राहत नाही. क्रीडमोरचा पीळ आठ इंचांत एक असतो.

आणि धक्का. ३.६ किलोच्या रायफलीत क्रीडमोर १७ जूल, .२७० साधारण २३. दोन्ही २.७ किलोच्या डोंगरी रायफलीत घातली की क्रीडमोर २३ वर येतं आणि .२७० ३१ वर, म्हणजे जड रायफलीतल्या ७ एमएम मॅग्नमच्याही वर. थोडक्यात, हलक्या रायफलीतलं क्रीडमोर खांद्याला जड रायफलीतल्या .२७० सारखं लागतं. हा आकडा मला कोणी आधी सांगितला असता तर माझा तो हंगाम वेगळा गेला असता.

.३०८ विंचेस्टर आणि .३०-०६ यांना इथं फार वेळ देत नाही. दोन्ही भरवशाची, काडतुसं खेड्यातल्या दुकानातही मिळतात, घरात असतील तर खुशाल न्यावीत. फक्त मेंढ्यासाठी म्हणून नवीन घ्यायची असतील तर वरच्या दोघांपेक्षा त्यांत जास्त काही मिळत नाही. ७ एमएम-०८ बघायला हरकत नाही, धक्क्यानं ते क्रीडमोरच्या जवळचंच.

भाच्यासाठी माझा कौल ६.५ क्रीडमोरला. तो बासष्ट किलोचा आहे, रायफल हातात धरून दोन वर्षं झालीत आणि हलकीच रायफल घेणार हे त्यानं ठरवलंय. पण एका अटीवर: ३५० वारांच्या पुढं गोळी सोडायची नाही. क्रीडमोरच्या नावावर लोक हजार वारांच्या गोष्टी सांगतात. त्या लोखंडी पाट्यांच्या गोष्टी आहेत, आणि पाटीला पोट नसतं. त्याच्या बरोबरच्या गृहस्थांनी आपली जुनी .२७० वापरायला दिली आणि ती तीन-सव्वातीन किलोची असली, तर मात्र नवीन घेऊच नये. त्यांच्या हाताखाली त्याच रायफलीवर शिकणं जास्त मोलाचं. पुढच्या वर्षी एल्कही मारायचा असेल तरी मी .२७० कडे झुकेन.

गोळी कुठलीही घ्या, शरीरात शिरल्यावर उमलणारी घ्या. अल्बर्टात मोठ्या जनावरासाठी न उमलणारी गोळी आणि ०.२३ इंचाखालचं कॅलिबर, दोन्ही बेकायदा आहेत. निखळ तांब्याची गोळी शिसं मांसात सोडत नाही म्हणून मला आवडते, पण तिला उमलायला वेग लागतो, त्यामुळं क्रीडमोरमध्ये ती वापरणाऱ्यानं अंतराची मर्यादा आणखी काटेकोर पाळावी.

एक गोष्ट सोलापूरच्या सपाट माळावर वाढलेल्या माणसाला सुचत नाही. मेंढा तीस अंश खाली असेल आणि यंत्र ३०० वार दाखवत असेल, तर गोळीच्या दृष्टीनं ते अंतर २६० वारच. गोळी खाली येते ती आडव्या अंतरानुसार. पूर्ण तीनशेचा नेम धरला तर गोळी वर लागते. शिवाय दोन हजार मीटरवर हवा विरळ, आपलं सोलापूर साडेचारशेवर. वर दिलेले सगळे आकडे जाड हवेतले आहेत, डोंगरात गोळी थोडी कमी खाली येईल. त्यामुळं शिकारीला लागण्याआधी, शक्य असेल तर उंचीवरच, बॅगेवर रायफल टेकवून पुन्हा नेम तपासून घ्यायचा.

क्रीडमोरची काडतुसं मॅग्नमपेक्षा स्वस्त पडतात. वाचलेल्या पैशांतून निम्मी काडतुसं जास्त घेऊन रेंजवर संपवावीत, बसून आणि पालथं पडून, टेबलावरून नाही. उरलेले पैसे स्पॉटिंग स्कोपवर, म्हणजे तिपाईवरच्या लांबचं बघायच्या दुर्बिणीवर, घालावेत, कारण बहुतेक भागांत शिंगाचं वळण पूर्ण वेढ्याच्या चार-पंचमांश झालं आहे की नाही हे पाऊण किलोमीटरवरून, तासभर बघत बसून ठरवावं लागतं. माझा जुना स्कोप आणि त्याचा तिपाई कॅल्गरीतच एका मित्राच्या तळघरात आहे. भाच्याला सांगितलंय, रविवारी जाऊन घेऊन ये, भिंग पुसायला मऊ सुती फडकं ने आणि तिपाईचा एक पाय सैल आहे तो आधी आवळून घे.