आर्चर सी६ : राउटर घेताना मागचे पोर्ट पाहावेत

कमी किमतीच्या राउटरांच्या खोक्यांवर नजर टाकली, तर अनेकांवर ‘एसी १२००’ असे ठळक अक्षरांत छापलेले दिसते आणि अँटेनाही बहुधा चारच असतात, त्यामुळे ग्राहकाने त्यांतला सर्वांत स्वस्त उचलला तर त्यात नवल नाही. टीपी-लिंक कंपनीचा आर्चर सी६ आमच्या पहिल्या मजल्यावरील घरासाठी आणि तळमजल्यावरील हिशेबनिशीच्या छोट्या कार्यालयासाठी वापरात आहे. या राउटरसाठी थोडे अधिक पैसे का मोजावेत, हे कळण्यासाठी तो उलटा फिरवून मागचे पोर्ट, म्हणजे केबल जोडण्याच्या खाचा, पाहाव्या लागतात.

एसी १२०० मधला आकडा ही केवळ बेरीज आहे. २.४ गिगाहर्ट्‌झ बँडवरील (रेडिओ लहरींच्या पट्ट्यावरील) ३०० आणि ५ गिगाहर्ट्‌झ बँडवरील ८६७ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, म्हणजे वेगाचे माप) एकत्र धरून आणि ढोबळ करून तो काढलेला असतो, आणि घरातले नेहमीचे फोन वा लॅपटॉप एका वेळी यांपैकी एकाच बँडवर चालत असल्याने हा वेग कोणाच्याच हाती लागत नाही. याच कंपनीचा आर्चर सी५० हाही एसी १२०० म्हणूनच विकला जातो, परंतु त्याचे सगळे पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत. म्हणजे कनेक्शन २०० किंवा ३०० एमबीपीएसचे घेतले, तरी स्पीड टेस्टचा काटा ९४-९५ वर अडकणार. रस्ता आठपदरी आणि टोलनाक्यावर खिडकी एकच उघडी, असा तो प्रकार होतो. सी६ ला एक वॅन (इंटरनेटची केबल जोडण्याचा) आणि चार लॅन (घरातली उपकरणे जोडण्याचे) असे पाच पोर्ट असून ते पाचही गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे, आहेत. कार्यालयात दोन डेस्कटॉप केबलने जोडलेले असतील आणि त्यांच्यात मोठ्या फाइलींची देवाणघेवाण होत असेल, तर हा फरक इंटरनेट बंद असतानाही जाणवतो, कारण फाइली राउटरच्या पोर्टांमधूनच जातात.

एवढे करूनही वेग १०० च्या आतच राहिला, तर राउटरला दोष देण्याआधी केबल तपासावी. गिगाबिटसाठी केबलमधल्या आठही तारा जोडलेल्या असाव्या लागतात. कनेक्टर बसवणारे काही कारागीर घाईत चारच तारा दाबतात, आणि तेवढ्यावर १०० एमबीपीएसचे काम निर्वेध चालत असल्याने कोणाच्या लक्षात येत नाही. आमच्या जिन्यातून खाली उतरणारी केबल अशीच निघाली. पारदर्शक कनेक्टर उजेडात धरला की आत पोहोचलेल्या रंगीत तारा मोजता येतात. दोन्ही टोके नव्याने दाबून घेतल्यावर लॅपटॉपवर लिंक स्पीड १००० दिसू लागला. कॅट ५ई दर्जाची साधी केबल यासाठी पुरते, तिच्यावर अधिक खर्च करण्याचे कारण नाही.

वायफायच्या बाबतीत या राउटरकडून वाजवी अपेक्षाच ठेवावी. एकाच खोलीत ५ गिगाहर्ट्‌झ उत्तम चालतो, एक भिंत ओलांडल्यावरही ठीक असतो, मात्र आरसीसी स्लॅबच्या खाली तो फारसा पोहोचत नाही आणि तिथे २.४ वर समाधान मानावे लागते. दोन मजल्यांसाठी एकच राउटर पुरेल, असे मानणे चुकीचे आहे. वरून खाली केबल टाकून तिथे दुसरा सी६ अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे वरचेच नेटवर्क पुढे पसरवणारे यंत्र म्हणून, लावणे हा खरा उपाय आहे. हा मोड निवडण्याची आठवण ठेवावी. दुसरे यंत्र राउटर म्हणूनच चालू ठेवले, तर खालची उपकरणे वेगळ्या नेटवर्कमध्ये जातात आणि वरच्या लॅपटॉपला खालचा प्रिंटर सापडत नाही. प्रिंटरला अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन या राउटरमधील सोयीने नेटवर्कवरचा कायमचा पत्ता देऊन ठेवला, की ऐन विवरणपत्रांच्या गर्दीत ‘प्रिंटर ऑफलाइन’ होण्याचा ताप बराच कमी होतो. दोन्ही बँडना एकच नाव देणारी स्मार्ट कनेक्ट सुविधा सुरुवातीला बंद ठेवलेली बरी, कारण स्वस्त प्रिंटर आणि वायफाय कॅमेरे बहुधा २.४ वरच चालतात आणि जोडणी करताना अडखळतात.

उणिवाही आहेत. यूएसबी पोर्ट नसल्याने हार्ड डिस्क जोडून सगळ्यांसाठी सामायिक साठा करता येत नाही. तंत्रज्ञान वायफाय ५ चे, म्हणजे आधीच्या पिढीचे आहे. घरात नवे फोन अधिक असतील, तर याच कंपनीचा वायफाय ६ असलेला आर्चर एएक्स१० थोडे पैसे वाढवून घेणे शहाणपणाचे ठरेल, आणि त्याचेही पोर्ट गिगाबिटच आहेत. फोनवरून राउटर हाताळण्याचे टेथर अ‍ॅप मात्र सोपे असून पाहुण्यांसाठीचे वेगळे गेस्ट नेटवर्क त्यावरून सहज सुरू होते. कार्यालयात येणाऱ्या अशिलांना मुख्य पासवर्ड न सांगता तेच द्यावे.

वीज जाणाऱ्या भागात १२ व्होल्टचा मिनी यूपीएस (वीज गेल्यावर राउटर चालू ठेवणारी छोटी बॅटरी) सोबत घ्यावा, आणि घेताना राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले अँपिअर त्याच्याशी जुळवून पाहावेत. फायबरच्या मॉडेमलाही त्याच यूपीएसवरून वीज मिळेल अशी सोय करावी, कारण मॉडेम बंद पडला तर राउटर चालू असूनही इंटरनेट मिळत नाही.