फॅक्टर आठ की एमिसिझुमॅब?

माझा भाचा कळव्यात राहतो. सहा वर्षांचा, वजन 20 किलो, सिव्हिअर हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा गंभीर आजार. याच पेचात असलेल्या आईवडिलांसाठी हे लिहितेय.

फॅक्टर आठ हे रक्त गोठवणारं प्रथिन. ते देणं म्हणजे रक्तात जे कमी आहे तेच बाहेरून देणं. पण ते जेमतेम 12 तासांत निम्मं होतं, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा शिरेतून द्यावं लागतं. ताई कुपी हळूहळू गोल फिरवते, फेस येऊ देत नाही. दाजी हात धरतात आणि नेमकी शीर पळते. दुसऱ्यांदा टोचताना पोरगा रडतसुद्धा नाही, भिंतीकडे तोंड करून पडतो. मला ते बघवत नाही.

एमिसिझुमॅब हे प्रतिपिंड. त्याचं एक टोक सक्रिय झालेल्या फॅक्टर नऊला धरतं, दुसरं फॅक्टर दहाला, आणि दोघांची गाठ घालून आठचं काम उरकतं. इंजेक्शन कातडीखाली, शीर शोधायलाच नको. पहिले चार आठवडे दर आठवड्याला किलोमागे 3 मिलिग्रॅम, मग 1.5. म्हणजे आमच्या पोराला 30 मिलिग्रॅमची बरोबर एक कुपी, थेंबही वाया नाही. दुप्पट डोस पंधरा दिवसांनी किंवा चौपट चार आठवड्यांनीही चालतो.

इन्हिबिटर (शरीराने फॅक्टर आठविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं) झाले असतील, तर मी दुसरा विचारच करणार नाही. सिव्हिअर आजारात साधारण 30 टक्के मुलांना ते होतात आणि फॅक्टर आठ निकामी करतात. एमिसिझुमॅबला त्यांचा अडसर नाही. इन्हिबिटर नसतील आणि शिरा चांगल्या असतील, तर तुमच्या केंद्रात कुठलं औषध खंड न पडता मिळतं ते आधी विचारा.

हिमोफिलिया बी (यात आठऐवजी फॅक्टर नऊ कमी असतो) असेल तर एमिसिझुमॅबचा उपयोग नाही.

आणि हे घेतलं म्हणून घरातला फॅक्टर संपू देऊ नका. एमिसिझुमॅब ब्लीड (रक्तस्राव) टाळतं, सुरू झालेला थांबवत नाही. डोक्याला मार लागला की फॅक्टरच लागतो. इन्हिबिटरवाल्यांना तेव्हा आठऐवजी बहुधा फॅक्टर सात-ए देतात; एमिसिझुमॅबसोबत फीबाचे (इन्हिबिटरवाल्यांसाठीचं दुसरं रक्त गोठवणारं औषध) मोठे डोस झाल्यास गुठळ्यांचा धोका असतो. शिवाय एमिसिझुमॅब चालू असताना एपीटीटीचा (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचा) रिपोर्ट फसवा येतो, नॉर्मल दिसतो. रात्री कॅज्युअल्टीत नवा डॉक्टर असेल, त्याला हे कोण सांगणार? ताईने औषधाचं नाव आणि हीच सूचना लिहिलेलं कार्ड भाच्याच्या दप्तराला आतून शिवलंय.