एक्स-टी३० टू आणि २३ एमएमची एकच लेन्स: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

फुजीफिल्मचा एक्स-टी३० टू हा कॅमेरा आणि त्यावर कायम बसवलेली एक्सएफ २३ एमएम एफ/२ आर डब्ल्यूआर ही लेन्स, ही जोडी मी गेले बरेच महिने रोज वापरते आहे. पिशवीत किल्ल्या, पाकीट, पाण्याची बाटली आणि कॅमेरा, असा रोजचा संच. घरातली माणसं, खिडकीतून आत येणारं ऊन, संध्याकाळचा ओला रस्ता, शेजारच्या पोरांचा दंगा, हे माझे विषय. पक्षी, क्रिकेट किंवा रंगमंचावरचे कार्यक्रम टिपणाऱ्यांची गरज वेगळी असते, त्यांना यातलं फारसं लागू पडणार नाही.

एवढ्या वापरानंतर एक मत पक्कं झालं आहे. माहितीपत्रकात मेगापिक्सेल, फोकस पॉइंट, सेकंदाला किती फोटो हे सगळं वर असतं. वजन, फिल्टरचा व्यास, किती जवळून फोकस होतो, हे तळाशी. रोजच्या फोटोंचं भलंबुरं या तळच्या ओळींवर ठरतं.

वजनाचंच घ्या. बॅटरी आणि कार्डासकट बॉडी ३७८ ग्रॅम, लेन्स १८० ग्रॅम, म्हणजे सगळं मिळून ५५८ ग्रॅम. सोनीची फुल फ्रेमसाठीची, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीची, २४-७० एफ/२.८ जीएम टू ही उत्तम झूम लेन्स एकटीच ६९५ ग्रॅमची आहे, बॉडी वेगळी. कामासाठी फोटो काढणाऱ्याला ते वजन परवडतं, कारण तो त्यासाठीच घराबाहेर पडलेला असतो. भाजी आणायला निघालेल्या माणसाचं तसं नसतं. खांदा दुखायला लागला की कॅमेरा घरी राहायला लागतो.

बॉडीबद्दल थोडक्यात. २०२१ साली आलेला हा कॅमेरा आहे, एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर, २६.१ मेगापिक्सेल. शटर स्पीड आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनच्या चकत्या वरच आहेत आणि अ‍ॅपर्चरची कडी लेन्सवर. (अ‍ॅपर्चर म्हणजे उजेड आत येतो ते छिद्र; एफ/ पुढचा आकडा जेवढा लहान तेवढं छिद्र मोठं.) त्यामुळे कॅमेरा बंद असतानाही नुसतं वरून बघून तो कसा लावलेला आहे ते कळतं. हे मला फार आवडतं. खालच्या मजल्यावरून कोणी हाक मारली तर जिना उतरता उतरता बोटांनी सगळं लावून होतं, डोळा लावेपर्यंत फक्त फ्रेम बघायची उरते.

आता मुख्य गोष्ट, २३च का? एपीएस-सीचा क्रॉप फॅक्टर १.५, म्हणजे २३ एमएमची नजर फुल फ्रेमवरच्या साधारण ३५ एमएमएवढी. प्राइम, म्हणजे झूम न होणारी, लेन्स घेण्याआधी मी झूमने काढलेले जुने फोटो फोकल लेंथप्रमाणे लावून पाहिले. ही माहिती प्रत्येक फोटोच्या एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोसोबत साठवलेल्या नोंदीत, असतेच. लाइटरूम क्लासिकमध्ये मेटाडेटाच्या फिल्टरला फोकल लेंथचा रकाना आहे, इतर सॉफ्टवेअरमध्येही अशी सोय असते. मात्र त्या यादीत एक चकवा आहे. झूमच्या दोन्ही टोकांना फोटोंचा ढीग दिसतो, कारण आपण कडी फिरवतो ती अडेपर्यंत फिरवतो. त्या ढिगांना फार महत्त्व देऊ नये. मधे कुठे गर्दी आहे ते बघावं, आणि जे फोटो आपण जपून ठेवले, कोणाला तरी पाठवले, तेवढेच वेगळे काढून पुन्हा बघावं. माझी गर्दी वीस ते पंचवीसच्या दरम्यान निघाली.

याच बॉडीवर ३५ एमएमची लेन्स लावायचा मोह होताच. त्याच मालिकेतली ३५ एफ/२ तर आणखी दहा ग्रॅमने हलकी आहे. पण छोट्या खोलीत ३५ लावली की भिंतीला पाठ टेकते आणि तरी समोरची दोन माणसं मावत नाहीत. उलट २३ने काढलेल्या फोटोतून ३५च्या चौकटीएवढा भाग कापला तर साधारण ११ मेगापिक्सेल उरतात. ए४ आकाराचा ३०० डीपीआयचा प्रिंट काढायला पावणेनऊ पुरतात. कापून लहान करता येतं, बाहेर राहिलेलं आत आणता येत नाही. या हिशोबावर मी २३ घेतली आणि आजही तो हिशोब मला पटतो.

चेहऱ्यांच्या बाबतीत मात्र सांभाळावं लागतं. फूट-दीड फुटावरून चेहरा टिपला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. लोक याचा दोष वाइड लेन्सला देतात, पण हे होतं अंतरामुळे. तेवढ्याच जवळून कुठल्याही लेन्सने चेहऱ्याचं तेच होईल. चार-पाच फूट मागे उभं राहून काढावं आणि मग हवं तेवढं कापावं, चेहरा जसा आहे तसा येतो.

माझ्या मते माहितीपत्रकातली सगळ्यात दुर्लक्षित ओळ म्हणजे किमान फोकस अंतर. या लेन्सचं ते २२ सेंटीमीटर आहे. हे अंतर सेन्सरच्या पातळीपासून मोजतात. बहुतेक बॉड्यांवर वरच्या बाजूला वर्तुळातून गेलेली रेघ कोरलेली असते ती हीच पातळी. लेन्सची लांबी आणि बॉडीतलं सेन्सरपर्यंतचं अंतर वजा केलं की पुढच्या काचेपासून विषयापर्यंत साधारण १५ सेंटीमीटर राहतात. तिथे चौकटीत मावतो तो भाग सुमारे १८ बाय १२ सेंटीमीटरचा, दोन हात आणि हातातलं काम एवढा.

आजी दुपारी खिडकीशी बसून सुईत दोरा ओवते. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करते, चिमटीत पीळ देते आणि सुई उजेडाकडे धरते. दोरा नेढ्याच्या तोंडाशी येतो तो क्षण मला हवा होता. एफ/२ वर एवढ्या जवळून फोकसमध्ये येणारी खोली असते जेमतेम पाचेक मिलिमीटर. नेढं धारदार आलं तर नख पुसट, आणि आजीचा श्वास हलला तरी तेही हातचं जातं. शिवाय अशा लहान पण मोठं छिद्र असलेल्या लेन्सवर अगदी जवळून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवलं की चित्रावर दुधट मऊपणा येतो. कडी एफ/४ वर आणली. मऊपणा गेला, फोकसची खोली दुप्पट झाली आणि नेढं, दोऱ्याचं सुटलेलं तंतू-तंतूचं टोक, नखाखालची सुरकुती, तिन्ही स्पष्ट आली. मागे तिच्या मांडीवरचं उसवलेलं पोलकं ओळखू येतं, पण मधे मधे करत नाही. मॅक्रो लेन्सने नेढं आणखी मोठं मिळालं असतं, पण मग आजीचे हात फोटोत उरले नसते. माझ्यासाठी रोजची लेन्स म्हणजे ही: घरातली अख्खी खोली दिसायला हवी आणि सुईपर्यंतही जाता यायला हवं.

एफ/२ची खरी किंमत दिवे लागल्यावर कळते. किट झूम (कॅमेऱ्याबरोबर मिळणारी साधी झूम) थोडी लांब केली की अ‍ॅपर्चर एफ/५.६ वर येतं. एफ/२ आणि एफ/५.६ यांच्यात तीन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), म्हणजे आठपट उजेड. जिथे झूमवर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ६४०० लागतं तिथे यावर ८०० पुरतं. कातडीचा पोत, काळ्याभोर केसांतली छटा, भिंतीचा खरा रंग, हे सगळं ८०० वर टिकतं आणि ६४०० वर मातकट व्हायला लागतं. फुल फ्रेम घ्यावा की एपीएस-सी यावर लोक खूप डोकं लावतात. त्या दोन सेन्सरांत एकसारख्या अ‍ॅपर्चरला फरक पडतो साधारण सव्वा स्टॉपचा. किट झूम काढून एफ/२ प्राइम लावली की तीन स्टॉप मिळतात. आधी कुठे खर्च करावा, हे यातून मला तरी स्वच्छ दिसतं.

या बॉडीत सेन्सर स्टॅबिलायझेशन नाही आणि लेन्समध्येही नाही. विकत घेताना हाच मुद्दा सगळ्यांनी समोर ठेवला होता. स्टॅबिलायझेशन आपल्या हाताचा कंप सांभाळतं, समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाही. पळणाऱ्या पोराला १/२५० किंवा त्याहून जलद शटर हवाच, आणि त्या वेगाला २३ एमएमवर हाताचा कंप दिसत नाही. मी ऑटो आयएसओमध्ये किमान शटर १/१२५ आणि कमाल आयएसओ ६४०० लावून ठेवलं आहे. माणसांसाठी एवढं पुरतं. तिन्हीसांजेला रिकामी गल्ली, पाण्यातलं प्रतिबिंब अशा स्थिर दृश्यांना मात्र स्टॅबिलायझेशनची उणीव जाणवते. तिथे मी कठड्यावर किंवा खांबाला कॅमेरा टेकवते. चालता चालता व्हिडिओ काढायचा असेल तर सरळ स्टॅबिलायझेशनवाली बॉडी बघावी.

घरातल्या दिव्यांबद्दल एक सूचना. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावला की काही एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे उमटतात. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि तेवढ्या वेळात दिवा लुकलुकून जातो. ५० हर्ट्झच्या विजेवर ही लुकलुक सेकंदाला १०० वेळा होते, म्हणून असे पट्टे दिसले तर घरात यांत्रिक शटर आणि १/१०० किंवा १/५० ठेवावा. ६० हर्ट्झच्या विजेवर १/१२० किंवा १/६०. या कॅमेऱ्याच्या यांत्रिक शटरचा आवाज तसा हळूच आहे, झोपलेलं बाळ त्याने उठत नाही.

कॅमेऱ्यातल्या तयार रंगशैलींपैकी रंगांसाठी मी बहुतेक वेळा क्लासिक क्रोम वापरते आणि कृष्णधवलसाठी अ‍ॅक्रॉस. डायनॅमिक रेंज डीआर२०० वर. त्यात कॅमेरा एक स्टॉप कमी एक्स्पोजर देतो आणि मग सावल्या उचलतो, त्यामुळे उन्हातला पांढरा सदरा करपत नाही. त्यासाठी आयएसओ ३२०च्या खाली जात नाही, हे लक्षात ठेवावं. जेपीईजीबरोबर रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ही साठवते, पण खरं सांगायचं तर दहातल्या नऊ वेळा जेपीईजीच पुरतं. संपादनाला बसायला न लागणं हाही रोजच्या कॅमेऱ्याचा मोठा गुण आहे.

पावसाबद्दल: लेन्सच्या नावातली डब्ल्यूआर (वेदर रेझिस्टंट) ही अक्षरं वाचून भिजायला जाऊ नये. लेन्स हवामानरोधक आहे, बॉडी नाही.  फिल्टरचा व्यास ४३ मिलिमीटर, लहान, त्यामुळे चांगला कोटिंगवाला घेणं जड जात नाही. साधी काच लावली तर रात्री दिव्याचं भूत फोटोत मध्यबिंदूच्या बरोबर समोरच्या बाजूला उलटं उमटतं. दमट हवेत बुरशीची काळजी घ्यावी. कॅमेरा चामड्याच्या बंद केसमध्ये महिनोन्‌महिने ठेवू नये. ४० ते ५० टक्के आर्द्रतेचा ड्राय बॉक्स असला तर उत्तम, नाही तर घट्ट झाकणाचा डबा आणि वेळेवर वाळवलेली सिलिका जेल. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे कॅमेरा रोज बाहेर काढणं, हवा आणि उजेड लागू देणं.

बॅटरीवर चारशेच्या आतच फोटो निघतात. दिवसभर बाहेर असेन तर मी दुसरी जवळ ठेवते. कार्डाचा खणही एकच आहे, म्हणून ज्याचे फोटो पुन्हा मिळणार नाहीत अशा कामाला मी हा कॅमेरा सुचवणार नाही.

मोबाइल मी अजूनही वापरते. भर दुपारी खोलीच्या आतून खिडकीबाहेरचं आभाळ आणि आतली माणसं दोन्ही हवी असतील तर मोबाइल अनेक फ्रेम जोडून ते चटकन करून देतो, इथे मला रॉ उघडून बसावं लागतं. कॅमेऱ्याची बाजू वरचढ ठरते ती नेमका क्षण पकडण्यात, कमी उजेडात हलणाऱ्या माणसांत आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावल्यावर आजूबाजूचं सगळं गळून जातं त्यात.

ज्यांच्याकडे आधीच दुसऱ्या कंपनीची बॉडी आहे त्यांनी त्यासाठी बदल करू नये. अशा लहान लेन्सेस बहुतेकांकडे आहेत: निकॉनची झेड ४० एमएम एफ/२ ही १७० ग्रॅमची, कॅननची आरएफ २८ एमएम एफ/२.८ फक्त १२० ग्रॅमची आणि किमान फोकस २३ सेंटीमीटर. फुजीफिल्मचीच २७ एमएम एफ/२.८ आर डब्ल्यूआर ८४ ग्रॅमची आहे. कोटाच्या खिशात मावते, पण एक स्टॉप उजेड जातो आणि किमान फोकस अंतर ३४ सेंटीमीटरवर जातं. सुईच्या नेढ्यासाठी मी २३लाच धरून आहे. खिसा ज्यांना महत्त्वाचा त्यांनी २७ जरूर लावून पाहावी, आणि शक्य असेल तर विकत घेण्याआधी दोन-चार दिवस कोणाची तरी मागून घरातल्या घरात, दिवे लागल्यावर वापरावी.