अ जीवनसत्त्व: अंगणवाडीचा डोस की ताटातला शेवगा?

भाचीचा प्रश्न: बाळ नऊ महिन्यांचं झालंय, घरी पपई, गाजर, शेवग्याचा पाला चालू आहे; मग डोस कशाला?

खर्चात फरक नाही. डोस मोफत, आणि शेवगा तर परसातलाच.

टिकण्यात मात्र डोस पुढे. 9व्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीसोबत 1 लाख युनिट, मग 16-18व्या महिन्यात 2 लाख, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी 2 लाख, असे एकूण नऊ डोस. हे जीवनसत्त्व यकृतात साठतं, म्हणून काही महिने पुरतं. भाजीतल्या बीटा-कॅरोटीन या रंगद्रव्याचं शरीराला आधी अ जीवनसत्त्वात रूपांतर करावं लागतं. साधारण 12 भागांतून 1 भाग हाती लागतो, तोही सोबत तेल-तूप असेल तर. अंडं, दूध यांतलं थेट मिळतं. पण डोसातून लोह, प्रथिनं मिळत नाहीत, ती ताटातूनच. (आणि वर्षाचं पोर पाला थुंकतं, हेही धरा!)

जोखीम डोसातच: कधी दिवसभर उलटी, डोकेदुखी. कार्डावर नोंद बघा, दोनदा देऊ नका.

जिथे अंडं-दूध क्वचित, गोवर-जुलाब वारंवार, तिथे डोस चुकवू नये. भाचीच्या घरी ताट भरलेलं असलं तरी पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही चालू ठेवावं. पुढे ताट पुरे.